सेल्फ घेईना म्हणून सेल्फच बदलायचा?

पत्र

काका, नमस्कार. मी जांबोटीकडचा, वय 19. एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातून 58 टक्क्यांनी पास झालो, पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं आणि गणितात गेलो. घरी भात आणि थोडे काजू. थोरला भाऊ गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे, आई म्हणते तूही तिकडंच जा. मला गाड्यांच्या वायरिंगची आवड आहे, गल्लीतल्या मोटारसायकलींचे हॉर्न-इंडिकेटर मीच बघतो. बेळगावात मामाचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. मामा म्हणतो ये, पण दोन वर्षं पगाराचं नाव काढायचं नाही. वडील म्हणतात आयटीआय कर. मित्र म्हणतात सगळ्या गाड्या आता बॅटरीवर चालणार, हा धंदाच बसणार. आईला शॉकची भीती. मी काय करू? अजून एक. शेजाऱ्यांची पिकअप तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. कुठून बघायला सुरुवात करू?

उत्तर

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. पण त्याचं उत्तर शेवटीच देणार. आधी दिलं तर व्होल्ट-करंट मोजायचा मीटर घेऊन पळशील आणि बाकीचं वाचायचं राहून जाईल.

आईपासून सुरू करू. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, ट्रक-बसला 24. एवढ्यावर शॉक बसत नाही, दोन्ही टर्मिनलला कोरडा हात लावलास तरी काही जाणवणार नाही. पेट्रोल गाडीच्या इग्निशन कॉइलमधून मात्र हजारो व्होल्ट निघतात, तिचा झटका एकदा बसला की माणूस पुन्हा विसरत नाही. पण या धंद्यात माणूस शॉकनं नाही, भाजून जायबंदी होतो. मी 1986 साली हायवेवरच्या एका गॅरेजात लागलो. तिसऱ्या महिन्यात ट्रकच्या बॅटरीचा प्लस सोडवत होतो, मायनस तसाच चेसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडलेला. पाना प्लसवर, पान्याचं दुसरं टोक चेसीवर टेकलं आणि मधे माझ्या बोटातली अंगठी. शेकडो अँपिअर करंट त्या अंगठीतून गेला. डाव्या अनामिकेला आजही पांढरा वळ आहे. तेव्हापासून माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगतो. अंगठी, कडं, घड्याळ खिशात. आणि सोडवताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ काडी पेटवायची नाही, ठिणगी पाडायची नाही. आतलं पाणी म्हणजे गंधकाचं ॲसिड आहे, कपड्यावर उडालं तर दुसऱ्या धुण्याला तिथं भोक पडलेलं दिसतं, आणि डोळ्यात उडालं तर काय होईल ते लिहीत नाही. आईला एवढं सांग की पोरगं डोळ्याला गॉगल लावून काम करेल. तिला पटेल.

आता धंदा बसणार का, ते. मी लागलो तेव्हाही जुने मेस्त्री हेच म्हणत होते. गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो जाऊन त्याच कामाचा अल्टरनेटर आला तेव्हा त्यांना वाटलं आता संपलं. अल्टरनेटर आला, आम्ही त्याला अजून डायनॅमोच म्हणतो, आणि कामं वाढली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या गाड्या आल्या. धुराच्या पाइपापासून ॲक्सिलरेटरच्या पेडलपर्यंत सेन्सर. पूर्वी डिझेल गाडी एकदा सुरू झाली की बॅटरी नसली तरी चालायची. आता एक वायर उंदरानं कुरतडली तरी गाडी जागची हलत नाही. आणि आपल्याकडं ऊस तोडायला लागला की उंदीर कुठं जातात ते तुला सांगायला नको. बॉनेटखाली ऊब असते. इलेक्ट्रिक कारचं म्हणशील तर तिच्यातही 12 व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. लाइट, हॉर्न, वायपर, काचा, सगळं तिच्यावरच. मोठ्या बॅटरीच्या केबल्स नारिंगी रंगाच्या असतात, तिथं तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि रीतसर शिकल्याशिवाय त्या नारिंगी केबलला बोट लावायचं नाही. तिथं आईची भीती शंभर टक्के खरी आहे. पण ते शिकवणारी ट्रेडही आता आयटीआयमध्ये आलेली आहे. तुझ्या मित्रांना म्हणावं, धंदा बसणार तो टेस्ट लॅम्प घेऊन अंदाजानं वायरी तोडणाऱ्यांचा.

त्याचंच जरा सविस्तर सांगतो, कारण तुझा खरा निर्णय त्यावर आहे.

नंदगडकडून एक टेम्पो माझ्याकडं आला होता. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) घेईना, नुसता टक-टक आवाज. मालकानं एका गॅरेजात सेल्फ बदलून घेतला होता. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसरीकडं बॅटरी बदलली. मग पुन्हा सेल्फ. हजारो रुपये गेले, टेम्पो आपला ढकलूनच सुरू. मी बॅटरीला मीटर लावला, 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. किल्ली मारायला सांगितली, आकडा 11.9 वर येऊन थांबला. इथंच खरं तर निम्मं काम झालं. सेल्फ करंट ओढायला लागला की बॅटरीचा आकडा चांगलाच खाली येतो, दहाच्या आसपास. बॅटरी कमजोर असेल तर साडेनऊच्या खाली जाईल. इथं तो पडतच नव्हता! म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, पण करंट वाटेत कुठंतरी अडलाय. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि पुन्हा किल्ली. इथं अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला जवळजवळ चार. इंजिनकडून चेसीवर येणारी अर्थची पट्टी बोल्टखाली गंजून हिरवी झाली होती. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुला माहीत आहे, तो टेम्पोवाला चार महिने त्याच चिखलातून फिरायचा. पट्टी नवीन टाकली, बोल्टाखालचा रंग आणि गंज कानशीनं घासून चकचकीत केला, वर ग्रीस लावलं. पट्टीचा खर्च शंभराच्या आत.

सेल्फ घेईना म्हणून सेल्फ बदलणारा माणूस पार्टचा दुकानदार झाला, इलेक्ट्रिशियन नाही. आपला धंदा वायर जोडायचा नाही रे, करंट कुठं अडलाय ते शोधायचा आहे. वायर जोडायला कोणीही शिकतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर आल्यावर तर हे दुखणं वाढलंच. स्कॅनर सांगतो, अमुक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. पोरगं सेन्सर बदलतं. दोष असतो सेन्सरपासून हातभर अलीकडं, तुटलेल्या वायरीत नाहीतर पाणी शिरलेल्या कपलरमध्ये (वायरींच्या जोड-प्लगमध्ये).

म्हणून मामाचं. मामा दोन वर्षं पगार देणार नाही याचं मला फार वाटत नाही, मला आठवड्याला पंधरा रुपये आणि दुपारचं जेवण मिळायचं. मला प्रश्न वेगळा पडतो. मामाच्या गॅरेजात मीटर कोण धरतं? तू आधी दोन-तीन शनिवार तिथं नुसता जाऊन बस. कामाला हात लावू नकोस. गाडी आली की मामा आधी काय करतो ते बघ. गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारतो का, कधीपासून होतंय, पावसात होतं का, मधे कुठं काम केलं होतं का? मीटर काढतो, का सरळ पक्कड घेऊन वायर तोडतो? जोड कसा मारतो? वायरीला नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळत असेल तर तो जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा होणार. सोल्डर करून किंवा दाबून स्लीव्ह चढवत असेल तर बस तिथंच, शीक. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळताना दिसला, तर तो मामा असला तरी घरी जेवून परत ये.

आणि मामा म्हणजे मामा, ही वेगळीच भानगड असते. नात्यातल्या पोराला चहा आणायला आणि मामीची भाजी आणायला पाठवणं सोपं जातं, शिकवणं राहून जातं. भाच्यानं तक्रार केली तर ती गावाकडं आईच्या कानावर जाते आणि मग दिवाळीत दोन घरांत धुसफुस. म्हणून आधीच, वडिलांना सोबत घेऊन, मामाशी बोल. पगार नको म्हणावं, पण एसटीचं भाडं द्या, आणि सहा महिन्यांनी आठवड्यातनं एक गाडी मला आधी बघू द्या, तुम्ही नंतर बघा. एवढं मान्य असेल तर मामाइतका चांगला उस्ताद नाही. मान्य नसेल तर ऑटोनगरात किंवा निपाणीपर्यंतच्या हायवेला परका मेस्त्री शोध. परक्याकडं रागावून निघून तरी येता येतं.

पण फक्त गॅरेजही नको. वडिलांचं बरोबर आहे, आयटीआय कर. तिथं काय घ्यायचं ते मात्र नीट बघ. 'इलेक्ट्रिशियन' ट्रेड नावानं ओळखीची वाटते, पण ती घरातली वायरिंग, थ्री-फेज मोटर, पॅनेल यांची आहे. ती घेऊन गाडीकडं आलेली पोरं मी बघितलीत, चांगली असतात, पण पहिलं वर्ष चाचपडतात. तुझ्यासाठी 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' ही दोन वर्षांची ट्रेड, दहावी पासवर मिळते. तिच्यात इंजिनही येतं आणि गाडीची वीजही, आणि इंजिन न कळणारा ऑटो इलेक्ट्रिशियन अर्धाच. 'मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स' नावाची खास आपल्या कामाची ट्रेड आहे, 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' आहे, पण या दोन्ही सगळ्याच आयटीआयमध्ये नसतात. खानापूर, बेळगाव, दोन्हीकडं जाऊन फलक वाच. राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र (एनटीसी) मिळणार का, ते लेखी बघूनच पैसे भर. त्यानंतर ॲप्रेंटिसशिप. 1961 च्या कायद्याखाली ती असते, स्टायपेंड मिळतो, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडं वायव्य कर्नाटक परिवहनचे डेपो आयटीआयवाल्या पोरांना घेतात. बसचं 24 व्होल्टचं काम शिकायला डेपोसारखी जागा नाही, रोज त्याच त्याच गाड्या, तेच तेच दोष, हात बसतो.

दिवसा आयटीआय, नंतर ॲप्रेंटिसशिप, संध्याकाळी आणि रविवारी गॅरेज. काही वर्षं अशी जातील. खडतर आहे, जांबोटीहून रोज येणं-जाणं तर जास्तच, बेळगावात मामाकडं राहायची सोय होत असेल तर त्यासाठी मामा हवाच. मामीला घरखर्चाला थोडं भात-काजू पोचतं करायला विसरू नका.

गणितात गेलास म्हणून तोंड पाडू नकोस. आपल्याला लागतो तो भागाकार आणि गुणाकार. बघ, मोटारीच्या हेडलाइटचा साधा बल्ब 60 वॉटचा. 60 भागिले 12, म्हणजे 5 अँपिअर. घाटात उजेड पडेना म्हणून पोरं 100 वॉटचा टाकतात. 100 भागिले 12, आठाच्या वर. वायर तीच, आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मग होल्डर वितळतो, स्विच जळतो, आणि चोर्ल्याच्या वळणावर दोन्ही लाइट एकदम जातात. जाड वायर आणि रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकल्याशिवाय तसला बल्ब लावायचाच नाही, आणि लावला तरी समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. हे गणित तुला जमेल की नाही? पीयूसीच्या इंटिग्रेशनपेक्षा सोपं आहे.

भाषेचं तू काही लिहिलं नाहीस, पण मी लिहितो. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असतो. घाबरू नकोस, त्यात वाक्यं नसतात, शे-दोनशे शब्द आणि रंगांची अक्षरं. रिलेवर तर शब्दही नाहीत, 30, 85, 86, 87 असे आकडे, ते बहुतेक गाड्यांत तेच. (रंगांवरून आठवलं, लाल आणि हिरव्यात गोंधळ होतो का, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं तपासून घे. एक पोरगं माझ्याकडं वर्षभर होतं, हुशार, आणि मग आम्हाला दोघांनाही कळलं.) कन्नड मात्र नीट शीक, बोलायला आणि वाचायलाही. डेपोत, आरटीओत, सरकारी भरतीत ती लागणार. आपल्या सीमेच्या वादाची जी काही बाजू असेल ती असू दे, गॅरेजात एका दिवसात केए-22, केए-23, एमएच-09 आणि जीए, सगळ्या पाट्या येतात, आणि गाडीचं दुखणं ड्रायव्हर त्याच्याच भाषेत सांगतो. ते कळलं नाही तर मीटर धरूनही उपयोग नाही.

हायवेच्या ट्रकवाल्यांकडून मी एक धडा घेतला तो सांगतो, पुस्तकात पटकन सापडत नाही. ट्रकला 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 करतात. ड्रायव्हरला केबिनमध्ये गाणी लागतात, टेप 12 वर चालतो. मग कोणीतरी एकाच बॅटरीवरून वायर ओढून देतो. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, दुसरी भरलेलीच राहते. डायनॅमोला दोघी मिळून दिसतात, तो चार्जिंग मारत राहतो, भरलेली उकळते आणि रिकामी उपाशी राहते. सहा महिन्यांत दोन्ही जातात आणि शिव्या बॅटरी कंपनीला. 24 चे 12 करून देणारा छोटा कन्व्हर्टर बसवला की भागतं. असले ट्रक आले की मी आधी केबिनमधलं गाणं ऐकतो.

गोव्याचं आईला नाही म्हणून सांग, पण तोडून नको. भावाला विचार, त्याच्या कंपनीत गाड्या, फोर्कलिफ्ट कोण दुरुस्त करतं. आयटीआय झाल्यावर तीच वाट जास्त पगाराची होते. गॅरेजातच राहिलास आणि कागद नसेल, तर अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची आरपीएल म्हणून सरकारी सोय आहे. पण तू 19 चा आहेस, सरळ वाट असताना आडवाट कशाला.

आता पिकअप.

दोन बॅटऱ्या बदलल्या, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. आधी गाडी चालू असताना बॅटरीवर मीटर लाव. 13.8 ते 14.5 च्या मधे असेल तर डायनॅमो ठीक आहे. मग गाडी बंद असताना कोणीतरी करंट पीत असणार. हजार-दीड हजाराचा मीटर घे, 10 अँपिअर डीसी मोजणारा, स्वस्तातला पिवळा नको. गाडी बंद कर, किल्ली काढ, दारं लाव, बॉनेट तेवढं उघडं. बॅटरीचा मायनस सोडव. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाल आणि मीटर मायनस टर्मिनल आणि सुटलेल्या केबलच्या मधे जोड. आता मीटरमधून सगळा करंट जातोय. या अवस्थेत चुकूनही किल्ली मारायची नाही, मीटरचा फ्यूज तरी उडेल नाहीतर मीटरच. नव्या गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, अर्धा तास थांब, चहा पी. मग आकडा बघ. 0.05 च्या आत असेल तर बरोबर. माझा अंदाज, तुला 0.7-0.8 च्या घरात दिसेल. कारण पिकअपची बॅटरी 60 अँपिअर-तासांची धरली आणि 0.8 नं भागलं तर 75 तास येतात, म्हणजे तुझे तीन दिवस.

आकडा जास्त दिसला की फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढ, आकडा बघ, तोच फ्यूज परत त्याच जागी लाव, मग पुढचा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, त्या वाटेवर चोर आहे. कोणताच फ्यूज काढून पडला नाही, तर आधी मीटर काढ, डायनॅमोची जाड वायर सोडव आणि मीटर परत जोडून बघ, डायनॅमोमधला डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) गेला की तोही रात्रभर बॅटरी पितो. ती वायर सुटलेली असताना कुठं टेकणार नाही अशी टेपनं गुंडाळून ठेव. शेजाऱ्यांनी मागाहून गाण्यांचा टेप, जीपीएस किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतलाय का तेही विचार. माझा पहिला संशय तिथंच आहे.

कोणत्या फ्यूजला आकडा पडला आणि किती पडला, ते लिहून पाठव.